एकाच आंब्यावर पाच पाखरांचे आवाज, दिसतंय मात्र एकच हिरवं. काय असंल?

सागवानकाठ

नमस्कार मंडळी. मी किनवट तालुक्यातला, आमचं शेत जंगलाला लागूनच हाय, धुऱ्याच्या पलीकडं लगेच साग चालू होतो. आखाड्याजवळ (म्हणजे शेतातल्या झोपडीजवळ) आजोबाच्या काळातला गावरान आंबा हाय आणि त्याला बांडगूळ इतकं झालंय की निम्मा आंबा आणि निम्मं बांडगूळ म्हणलं तरी चालंल.

तर झालं असं की या आठवड्यात लाईट पहाटेची हाय म्हणून मी रोज मोटर चालू करायला जायलोय, आणि उजाडलं की त्या आंब्यातून आधी शिक्रा (तो बारका शिकारी पक्षी) ओरडतो, खालच्या कोंबड्या एकदम गप्प, मग शिक्रा बंद आणि बुलबुल चालू, मग कोतवाल, मग शिंपी पाखराचं ते टुविट टुविट, मधीच खंड्यासारखं खिंकाळल्यासारखं काहीतरी, आणि हे सगळं एकाच फांदीवरून, मधी श्वास घ्यायला जेवढा वेळ लागंल तेवढीच गॅप. मोबाईलमधलं आवाज ओळखायचं ॲप लावलं तर त्यानं दोन मिनिटात पाच नावं दाखवली. आता शिक्रा, बुलबुल आणि शिंपी एका फांदीवर शेजारी शेजारी बसून गाणी म्हणतेत का? मला पटंना.

काल मोटर सोडून तिथंच मान वर करून उभा राहिलो. पंधरावीस मिनिटं काहीच नाही, नुसती पानं. मग एक पानच हललं असं वाटलं आणि ते पान नव्हतं, पाखरू होतं. हिरवंगार, बुलबुलापेक्षा जराक बारीक, बांडगुळाच्या फुलावर उलटं लटकून चोच आत घालायलेलं. तोंड काळं होतं एवढं नक्की दिसलं. फोटो काढला पण त्यात नुसता आंबा आलाय, पाखरू शोधणाऱ्याला माझ्याकडून चहा.

आबा म्हणतेत हिरवा बुलबुल, सालगडी म्हणतो राघूचं पिल्लू. आणि दुसरी गोष्ट, आबा म्हणायलेत पाऊस पडायच्या आत सगळं बांडगूळ छाटून टाकायचं. छाटलं तर हे पाखरू जाईल का? कुणाला माहीत असंल तर सांगा.

धुरळा_७२

वेडा राघू. आमच्याकडं तारेवर ढीगभर बसतेत.

सागवानकाठ

नाही ओ, वेडा राघू मला लहानपणापासून माहिती हाय, शेपटीला काडी असते त्याच्या आणि तो उघड्यावर तारेवर बसतो, झाडाच्या आत घुसत नाही. हे तर बाहेर यायलाच तयार नाही.

मास्तर_कन्नड

आबांना माझा नमस्कार सांगा, त्यांचंच जवळपास बरोबर आहे. हिरवा बुलबुल हे नाव जुन्या लोकांत चालतं, पण हा बुलबुल नाही, हा हरेवा. पर्णपक्षी असंही म्हणतात आणि ते नाव किती चपखल आहे ते तुम्ही वीस मिनिटं मान मोडून बघितलंच आहे. हरेव्यांचं कुळच वेगळं, आणि ते जगात फक्त आपल्या बाजूला म्हणजे भारत, श्रीलंका आणि पुढं ब्रह्मदेशापासून इंडोनेशिया फिलिपिन्सपर्यंतच्या उष्ण पट्ट्यातल्या जंगलात सापडतं, आफ्रिकेत नाही, अमेरिकेत नाही. सगळे झाडांवरचे, सगळे कमीजास्त हिरवे. जमिनीवर उतरलेला हरेवा मी तीस वर्षांत एकदाही बघितलेला नाही.

आता आपल्या भागात दोन हरेवे डोक्यात ठेवायचे. एक सोनेरी कपाळाचा, त्याच्या कपाळावर केशरी पिवळा टिळा असतो, लांबून सुद्धा चमकतो. दुसरा जर्डनचा हरेवा, त्याला टिळा नसतो, काळ्या तोंडाभोवती फिकट पिवळसर कडा असते आणि चोचीच्या बाजूनं खाली निळी जांभळट मिशी. तुमच्याकडं कुठला ते सांगा. टिळा होता का? आणि तो एकटाच होता का जोडीनं?

ॲपबद्दल म्हणाल तर ॲपची चूक काढण्यात अर्थ नाही. ते आवाजाचं चित्र काढतं आणि आपल्याजवळच्या चित्रांशी जुळवतं. समोरच्यानं शिक्र्याचा आवाज हुबेहूब काढला तर ते शिक्राच म्हणणार, कोंबड्या फसल्या तिथं मोबाईलचं काय घेऊन बसलात. हरेवा नक्कल करण्यात पटाईत आहे, हा त्याचा खास गुण. स्वतःचा असा आवाजही आहे त्याला, पण सकाळी रंगात आला की दुसऱ्यांचे तुकडे एकामागून एक जोडत जातो, आणि तुम्ही जो क्रम लिहिलाय, आधी शिक्रा मग बुलबुल मग कोतवाल, तो वाचताच मला कळलं.

रानभूल

मास्तर, एक शंका. नकला म्हणलं की मला आधी भृंगराज आठवतो, तो शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे चमचे असलेला काळा. तो पण शिक्रा काढतो की. आणि साधा कोतवाल सुद्धा शिक्र्याची नक्कल करून साळुंक्यांना घाबरवतो आणि त्यांच्या तोंडचं पळवतो, हे मी स्वतः बघितलंय. मग हरेवाच कशावरून?

मास्तर_कन्नड

शंका एकदम रास्त. आवाजावरून मी सुद्धा शपथ घेणार नाही. पण कोतवाल काय आणि भृंगराज काय, दोघं काळे आणि दोघांना मिरवायची हौस, बसणार ते उघड्या फांदीवर. वीस मिनिटं पानात लपून बसणं त्यांच्या स्वभावात नाही. आणि इथं सागवानकाठ यांनी हिरवं पाखरू काळ्या तोंडासकट बघितलंय, उलटं लटकून फुलात चोच घालताना. हिरवं, काळं तोंड, फुलातला रस आणि नकला, हे चारही एकत्र आले की हरेव्याशिवाय दुसरं नाव माझ्याकडं नाही.

गौताळ्याला पितळखोऱ्याच्या वाटेवर एकदा माझी स्वतःची फजिती झालीय. सोबत शाळेची पोरं होती. मी ऐटीत म्हणालो, ऐका, हा दयाळ, हा बघा आता कोतवाल आला, आणि हा बुलबुल. पोरं वहीत लिहून घेत होती. मागच्या बाकावरचं एक पोरगं, ज्याचं वर्गात कधी लक्ष नसायचं, ते म्हणालं सर, ते सगळं त्या एकाच हिरव्यानं म्हणलं, मी बघायलोय ना त्याची मान फुगायलेली. वह्यातलं खोडायला लावलं मी सगळ्यांना.

सागवानकाठ

मास्तर आज परत गेलतो, आबांची जुनी दुर्बीण घेऊन (तिच्यातली एक काच गेलेली हाय पण चालतंय). टिळा अजिबात नाही. निळी मिशी दिसली!! अगदी चोचीच्या खाली, काळ्यात, उन्हाची तिरीप पडली तेव्हाच दिसली आणि परत काळंच. खांद्यावर पण निळ्याची एक झाक हाय. आणि जोडी हाय. दुसऱ्याचं तोंड काळं नाही, गळ्याला फिकट निळसर हिरवं काहीतरी हाय. मला वाटलं ते पिल्लू.

मास्तर_कन्नड

पिल्लू नाही, ती मादी. मग तुमचा जर्डनचा हरेवा पक्का. सोनेरी कपाळाच्या हरेव्यात नर मादी साधारण सारखेच दिसतात, दोघांनाही काळं तोंड. जर्डनच्यात मादीचं तोंड काळं नसतं, गळा निळसर. म्हणून मी जोडीचं विचारलं होतं. सोनेरी कपाळाच्या पिल्लाला टिळाही नसतो आणि काळंही नसतं त्यामुळं एकटी मादी दिसली की चांगले चांगले घोटाळतात, पण शेजारी मिशीवाला नर बसलाय म्हणल्यावर प्रश्न मिटला.

मोसंबीवाला_जालना

जर्डनचं नाव निघालं म्हणून आमच्या जालन्याची टिमकी वाजवून घेतो, रागावू नका. हा थॉमस जर्डन मद्रासच्या फौजेत डॉक्टर होता आणि १८३७ नंतर काही वर्षं त्याची पलटण आमच्या जालन्याच्या छावणीत होती. तिथं राहून तो आजूबाजूची पाखरं गोळा करायचा, नोंदी ठेवायचा. त्याची दक्षिण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांची यादी मद्रासच्या एका नियतकालिकात १८३९ पासून भागाभागानं छापून आली, तिच्यात जालना, जुन्या इंग्रजी स्पेलिंगात, किती ठिकाणी येतं. ह्या हरेव्याला त्याचं नाव दिलं ब्लाइथ नावाच्या पक्षीतज्ज्ञानं, कलकत्त्याच्या म्युझियममध्ये बसून, १८४४ साली. म्हणजे ज्याच्या नावाचं पाखरू तुमच्या आंब्यावर बसलंय तो माणूस घोड्यावरून मराठवाड्यातच फिरलेला आहे. जालन्यात कुणाला विचारलं तर छावणी म्हणजे काय तेच सांगणार नाहीत, स्टील आणि मोसंबी सोडून तिसरं काही विचारू नका.

मास्तर_कन्नड

वा. हे मला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या पोरांना सांगायला झालं.

त्यात एक भर घालतो, पुष्कळ वर्षं ह्या जर्डनच्या हरेव्याला निळ्या पंखाच्या हरेव्याचाच एक प्रकार धरत होते. तो ईशान्य भारतात आणि पुढं आग्नेय आशियात असतो, त्याच्या पंखात आणि शेपटीत निळं असतं. आपल्याचे पंख हिरवेच. आता वेगळा धरतात, आणि मग तो मुख्यतः भारत आणि श्रीलंकेचा ठरतो. जुन्या पुस्तकात नाव जुळलं नाही तर गोंधळू नका.

पिंजरेवाला

इतक्या नकला करतो तर मग पोपटासारखा घरी ठेवता येतो का? कुठं मिळंल? किंमत?

रानभूल

भाऊ, सरळ सांगतो, नाही. आपलं कुठलंही रानपाखरू पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि आपल्याकडच्या पाखरांच्या व्यापारावर १९९० च्या आसपास पूर्ण बंदी आली. पोपट पण त्यातच येतो बरं का, गावोगाव पिंजऱ्यात दिसतो म्हणून कायदेशीर होत नाही.

कायदा बाजूला ठेवा. लहानपणी आमच्या आठवडी बाजारात एक पारधी नव्हे, कुठूनतरी बाहेरून येणारा एकजण, टोपल्यात पाखरं घेऊन बसायचा, त्यात एकदा हा हरेवा होता. मी हातात घेतला. सांगतो, हातात पाखरू कमी आणि पिसं जास्त राहिली. हरेव्याची पिसं भीतीनं सुटतात, अंगावरची मऊ पिसं मूठभर गळतात, शिकाऱ्याच्या पंज्यात नुसती पिसं राहावीत आणि आपण निसटावं असा काहीतरी तो बचाव असणार. त्या बाजारात तो निसटला नाही. उघडा पडलेला, कातडी दिसणारा हरेवा टोपलीत बसून होता आणि आवाज शून्य. मला तेव्हापासून पिंजरा म्हणलं की तेच दिसतं.

पिंजरेवाला

बरं बरं. नाव बदलून घेतो आता.

बांध_आणि_बारव

मूळ प्रश्न राहूनच गेला सगळ्यांचा, बांडगूळ छाटायचं का नाही. मी फळबागवाला, लोहाऱ्याकडचा, तर माझं मत वेगळं येईल.

बांडगूळ हे पूर्ण चोर नाही, अर्धा चोर. पान हिरवं असतं म्हणजे अन्न स्वतः तयार करतं पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीत मूळ खुपसून ओढतं. एकदोन झुपके असले तर जुना आंबा सहन करतो. निम्मं झाड बांडगूळ म्हणताय म्हणजे त्याच्या पुढच्या फांद्या वाळायला लागल्या असतील, बघा जाऊन. तिथं आबांचं चुकत नाही. नुसतं वरचं ओरबाडू नका, परत फुटतं. जिथं चिकटलंय त्याच्या खाली हातभर अंतर सोडून आंब्याची फांदीच कापा, आणि बांडगुळाची फळं पिकायच्या आत कापा. फळ पिकलं की फुलटोचा येतो, तो अंगठ्याएवढा पक्षी, गर खातो आणि बी एवढी चिकट असते की ती मागून निघताना सुद्धा फांदीला घासून पुसावी लागते. झालं, पेरणी झाली. म्हणजे पसरवणारा तुमचा हरेवा नाही, मुख्य पसरवणारा तो बारका.

हरेवा येतो ते रसासाठी. बांडगुळाचं फूल नळीसारखं लांब असतं ना केशरी लाल, त्यात तळाला गोड रस. शिंजीर, तो बाकदार चोचीचा इवला पक्षी, तो पण त्याच्यासाठीच येतो. हरेव्याची जीभ टोकाला कुंचल्यासारखी झिरझिरी असते, रस टिपायला.

मास्तर_कन्नड

बरोबर. पण रसावरच जगतो असं नाही. किडे अळ्या पण तेवढ्याच खातो. पानं उलटीपालटी करत, फांदीच्या टोकाला लटकत अळ्या वेचतो, तुमच्या आंब्यावरच्या सुद्धा. म्हणजे झाडाचं भाडं भरतो असं आबांना सांगा. शिवाय बारकी फळं, वड पिंपळ उंबराची.

आणि रसाच्या बाबतीत तो एका झाडाला बांधलेला नाही, पळस फुलला की पळसावर, काटेसावरीवर, पांगाऱ्यावर. फुललेल्या झाडावर त्याची दादागिरी बघण्यासारखी असते, शिंजीर सोडा, दुसऱ्या हरेव्याला पण टिकू देत नाही, पाठलाग करून हाकलतो. गाणारा म्हणून मवाळ असेल असं काही नाही. म्हणून बांडगूळ छाटल्यानं पाखरू मरणार नाही, पण तो तुमच्या आखाड्याजवळ का येतो त्याचं कारण कमी होईल. धुऱ्यावर पळस सावर आहे का?

सागवानकाठ

पळस हायेत की पाचसहा. सावर एक होती, ती रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. बांडगूळ आंब्यासोबत धुऱ्यावरच्या कडुलिंबावर पण हाय.

बांध_आणि_बारव

मग सोपं आहे. आंब्यावरचं काढा, लिंबावरचं राहू द्या. लिंबाचं कुणाला उत्पन्न काढायचंय.

रानभूल

आणि आंब्यावर एकदम कुऱ्हाड चालवायच्या आधी घरटं बघून घ्या. हरेव्याचं घरटं उंच, फांदीच्या अगदी टोकाकडं, बारीक काड्यामुळ्यांची सैल वाटी, पानात लपवलेली, दोन तीन अंडी. खालून दिसत नाही. जोडी एकाच जागी चोचीत काहीतरी घेऊन सारखी जायलीय का ते आठवडाभर बघा, मग ठरवा.

मराठवाड्यात आधीच झाड म्हणजे दुष्काळात पाहुणा. आमच्या लातूर बाजूला मैलोन्मैल जा, सोयाबीन आणि तूर, बाभळीवर बसायला पण हरेव्याला जागा नाही कारण त्याला एकमेकाला फांद्या लागलेली झाडं पाहिजेत. तो उघडं रान ओलांडून भटकणारा पक्षी नाही. मी लातूरला इतकी वर्षं फिरतोय, एकदाही दिसला नाही. किनवट माहूर, तिकडं गौताळा, इकडं येडशीचा रामलिंग घाट असे तुकडे राहिलेत आपल्याकडं, त्यातल्या एकाच्या कडेला तुम्ही मोटर चालू करायला जाता. हेवा वाटायलाय सरळ.

धुरळा_७२

मी वेडा राघू म्हणलो ते मागं घेतो. आता आमच्याकडं पण मंदिराच्या वडावर एक हिरवं बसतंय आणि टुक टुक टुक करतंय, ते हरेवाच का?

मास्तर_कन्नड

नाही, तो तांबट. दुपारच्या उन्हात एकसुरी टुक टुक, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं. कपाळ लाल असतं, चोच जाड. आणि पुढं कुणी हरियाल विचारण्याआधी सांगून टाकतो, हरियाल म्हणजे हिरवं कबुतर, पायाला हळद लावलेली, आपला राज्यपक्षी तो. हरेवा वेगळा, हरियाल वेगळा, नावं मात्र जुळ्या भावांसारखी.

सागवानकाठ

मंडळी, सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहायलोय, मधी हरभऱ्याचं खळं होतं.

आठ दिवस बघितलं, घरटं काही दिसलं नाही, मग परवा आंब्यावरचं बांडगूळ बांध_आणि_बारव दादांनी सांगितलं तसं हातभर सोडून कापलं. खरंच पुढच्या फांद्या वाळलेल्या होत्या. आबांना लिंबावरचं ठेवायला सांगितलं तर म्हणले ठेव, लिंबाला कोण विचारतंय. हरेवा दोन दिवस गायब होता, तिसऱ्या दिवशी लिंबावर आला आणि तिथल्या शिंजिराला पळवून लावायलाय.

आबांना जालन्याच्या डॉक्टरची गोष्ट पण सांगितली, त्यांना ती लई आवडली, आता येणाऱ्या जाणाऱ्याला सांगतेत की आमच्या लिंबावर गोऱ्या साहेबाचं पाखरू हाय आणि ते सगळ्यांच्या नकला करतं. आज सकाळी परत शिक्रा वाजला. कोंबड्या बाजेखाली पळाल्या तर आबा हसले, म्हणले भ्यायलात कशाला गं, ते आपलं हिरवं हाय. आणि तेवढ्यात खरा शिक्रा आला आणि एक पिल्लू उचलून घेऊन गेला.